मतपेटीतील साक्ष

निवडणुकीत मत देणारा माणूस दोन गोष्टी करीत असतो. राज्यकारभार कोणी पाहावा याचा निर्णय तो देतो आणि त्याच वेळी आपण कोण आहोत याची नोंदही करतो. बहुतेक प्रदेशांत पहिली गोष्ट मुख्य असते व दुसरी तिच्यामागे दडलेली असते. बेळगाव, खानापूर, निपाणी या आपल्या पट्ट्यात मात्र १९५६ नंतर हा क्रम उलटला. येथील मराठी मतदाराने जवळजवळ चाळीस वर्षे मत दिले ते साक्ष म्हणून. कोणाचे सरकार येईल याची चिंता न करता त्याने आपली भाषा कोणती आणि आपली इच्छा काय, एवढेच मतपेटीत टाकले. पुढे ही साक्ष क्षीण होत गेली. 'मराठी मतदार उदासीन झाला' असे एक सोपे निदान त्यावर केले जाते. जुन्या घराण्यांतील वडीलधारी मंडळी हे वाक्य खंताने उच्चारतात आणि राजकीय पुढारी सोयीने. या निदानात तथ्य किती, हे इतिहासाच्या आधारे पाहण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

भाषा हीच या भूमीतील राजकारणाची आदिम रेषा होती, असा आपला समज असतो. तो खरा नाही. १९१९ च्या कायद्याने मुंबई इलाख्यात मर्यादित मताधिकार आला तेव्हा ठरावीक सारा किंवा कर भरणाऱ्या मूठभरांनाच मत होते. त्या काळी निवडणुकीचे वारे वाहत होते ते ब्राह्मण आणि ब्राह्मणेतर या वादाचे. त्याच कायद्यान्वये इलाख्याच्या कौन्सिलात मराठा व तत्सम जातींसाठी सात जागा राखून ठेवण्यात आल्या. ब्राह्मणेतर पक्षाच्या व्यासपीठावर मराठी भाषक भास्करराव जाधव आणि कन्नड भाषक, लिंगायत समाजाचे सिद्दप्पा कंबळी हे एकाच बाजूला उभे होते. दोघेही पुढे मुंबई सरकारात मंत्री झाले. म्हणजे ज्या दोन समाजांत नंतर सीमेची भिंत उभी राहिली, ते तेव्हा एका पक्षात होते आणि भिंत दुसरीकडेच होती. पूर्वग्रह हा डोंगरासारखा स्थिर नसतो. नदीच्या पात्रासारखा तो जागा बदलतो आणि ज्या काठावर पोहोचतो तेथील लोकांना वाटते की तो अनादी काळापासून येथेच आहे.

डिसेंबर १९२४ मध्ये बेळगावास महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचे अधिवेशन भरले. गांधीजी अध्यक्ष झाले ते हे एकमेव अधिवेशन. हिंदु-मुसलमान ऐक्य, अस्पृश्यतानिवारण आणि चरखा हे त्यांचे तेव्हाचे आग्रहाचे विषय होते. योगायोग असा, की त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात न्यूयॉर्क शहरी अमेरिकेच्या डेमोक्रॅटिक पक्षाचे अधिवेशन भरले होते. कू क्लक्स क्लॅन या वर्णद्वेष्ट्या व कॅथलिकद्वेष्ट्या संघटनेचा नाव घेऊन निषेध करावा, हा तेथील ठराव निसटत्या मतांनी फेटाळला गेला आणि राष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार ठरविण्यास १०३ वेळा मतदान घ्यावे लागले. ज्यांच्या नावाने पक्ष दुभंगला त्यांपैकी अल स्मिथ हे कॅथलिक होते. १९२८ साली त्यांना उमेदवारी मिळाली, पण ते पराभूत झाले. त्यांचा धर्म हा त्या प्रचारातील एक उघड मुद्दा होता. श्रद्धा आणि मत यांची गाठ केवळ आपल्याच देशात पडते, असे मानण्याचे कारण नाही.

बेळगावच्या अधिवेशनानंतर काही महिन्यांतच, एप्रिल १९२५ मध्ये, निपाणी येथे मुंबई इलाखा प्रांतिक बहिष्कृत परिषद डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या अध्यक्षतेखाली भरली. काँग्रेसच्या भव्य मंडपाची आठवण आपण सांगतो. निपाणीच्या त्या परिषदेची आठवण आपल्या घराण्यांत क्वचितच सांगितली जाते. हे विस्मरणही पूर्वग्रहाचाच एक प्रकार होय, आणि त्याचा संबंध पुढील कथेशी आहे.

भाषेची रेषा ठळक झाली ती यानंतर. याच बेळगावात १९२४ साली कर्नाटक एकीकरणाची परिषद भरली होती आणि याच बेळगावात मे १९४६ मध्ये ग. त्र्यं. माडखोलकर यांच्या अध्यक्षतेखालील मराठी साहित्य संमेलनाने संयुक्त महाराष्ट्राची मागणी केली. बावीस वर्षांच्या अंतराने दोन भाषांनी आपापल्या एकत्वाचा उच्चार एकाच गावी करावा, यातच या गावाचे वैशिष्ट्य आणि या गावाचे दुःख आहे. राज्यपुनर्रचना आयोगाने १९५५ च्या अहवालात जिल्हा हा घटक धरून चंदगड तालुका वगळता बेळगाव जिल्हा कर्नाटकाकडे दिला. जानेवारी १९५६ मध्ये केंद्राचा निर्णय जाहीर होताच बेळगाव व निपाणी येथे गोळीबार झाला. १७ जानेवारी हा दिवस आपण हुतात्मा दिन म्हणून पाळतो. १ नोव्हेंबर १९५६ रोजी नवे म्हैसूर राज्य अस्तित्वात आले. कन्नड बांधवांच्या उत्सवाचा तो दिवस आपल्या दिनदर्शिकेत काळा दिन झाला.

येथून मताला साक्षीचे रूप आले, आणि त्यामागे तर्क होता. खेडे हा घटक, भौगोलिक सलगता, भाषिक बहुसंख्या आणि लोकेच्छा ही महाराष्ट्राच्या मागणीची चार सूत्रे होत. पहिली दोन नकाशावरून सिद्ध होतात, तिसरे जनगणनेवरून. लोकेच्छा मात्र कशावरून सिद्ध करावयाची? सार्वमत कोणी घेतले नाही. तेव्हा प्रत्येक निवडणूक हेच सार्वमत, असे महाराष्ट्र एकीकरण समितीने मानले आणि मतदारांनीही मानले. बेळगाव शहरातून बा. रं. सुंठणकर, बळवंतराव सायनाक यांच्यासारखी माणसे विधानसभेत गेली, ती तेथे मंत्री होण्यासाठी नव्हे. ज्या सभागृहात आपण असू नये असे मतदारांचे म्हणणे, त्याच सभागृहात जाऊन ते म्हणणे मांडण्यासाठी ती गेली. रस्ता, पाणी, बदली, परवाना या गोष्टी सत्ताधारी पक्षाच्या आमदाराकडून मिळतात हे मतदारास ठाऊक होते. तरीही त्याने पिढी-दीड पिढी त्या लाभावर पाणी सोडले. एवढा दीर्घ आणि एवढा निरपेक्ष मतदानाचा नमुना स्वतंत्र भारतात फार थोड्या ठिकाणी आढळेल.

परंतु साक्ष दिली तरी ती नोंदवून घेणारे न्यायासन लागते. १९६६ साली सेनापती बापटांच्या उपोषणानंतर केंद्राने माजी सरन्यायाधीश मेहेरचंद महाजन यांचा आयोग नेमला. १९६७ च्या अहवालात आयोगाने निपाणीसह २६४ गावे महाराष्ट्रास द्यावीत असे म्हटले, बेळगाव मात्र कर्नाटकातच ठेवले. महाराष्ट्राने अहवाल नाकारला, कर्नाटकाने तो जसाच्या तसा मागितला आणि प्रत्यक्षात काहीच बदलले नाही. ज्या निपाणीबद्दल आयोगाचे मत आपल्या बाजूने होते, तीही जेथल्या तेथे राहिली. त्यानंतरही मतदार मत देत राहिला. पण आता त्या मतात आशेपेक्षा निष्ठा अधिक होती. फळाची अपेक्षा सुटते आणि आचरण उरते, तेव्हा राजकीय कृतीला व्रताचे रूप येते. समितीचे मत हे आपल्या कित्येक घरांत असेच व्रत झाले होते.

व्रताची एक मर्यादा असते. व्रत न करणाऱ्याच्या अडचणी व्रतस्थाला सहसा दिसत नाहीत. १९८१ साली निपाणीच्या तंबाखू उत्पादकांनी शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली पुणे-बंगळूर महामार्गावर ठाण मांडले. व्यापाऱ्याने वजनात मारलेला काटा मराठी शेतकऱ्याचा पसाभर आणि कन्नड शेतकऱ्याचा चिमूटभर, असा भेद करीत नाही. त्या रस्त्यावर दोन्ही भाषा बोलणारी माणसे बसली होती. शेवटी पोलिसांच्या गोळीबारात शेतकरी बळी पडले. त्याच निपाणीत विडी वळणाऱ्या आणि तंबाखूच्या वखारीत राबणाऱ्या बायांनी संघटना उभारली, तीही मजुरीच्या प्रश्नावर. भाषेचा प्रश्न खोटा होता असे यावरून सिद्ध होत नाही. भाषेच्या एकाच शिक्क्यात माणसाचे सारे जगणे मावत नाही, एवढे मात्र सिद्ध होते. सीमालढ्याच्या राजकारणाने हा धडा वेळेवर गिरवला असता, तर पुढील ओहोटी इतकी वेगाने आली नसती.

१९९६ ची लोकसभा निवडणूक हा या इतिहासातील सर्वांत बोलका प्रसंग. सीमाप्रश्नाकडे देशाचे लक्ष वेधण्यासाठी समितीने घाऊक उमेदवारी अर्जांचा मार्ग पत्करला आणि बेळगाव मतदारसंघात तब्बल ४५६ उमेदवार उभे राहिले. मतपत्रिकेचे पत्रकच उरले नाही, तिची वहीच झाली. त्याच वर्षी आंध्रातील नलगोंड्यास ४८० उमेदवार होते, ते पाण्याच्या प्रश्नासाठी. तमिळनाडूतील मोडकुरिची या विधानसभा मतदारसंघात तर १०३३. तिन्ही ठिकाणी दुखणे निरनिराळे, पण उपाय एकच: ऐकत नाहीत तर यंत्रणेलाच अडवावे. पाचशे रुपयांची अनामत रक्कम जप्त होणार हे ठाऊक असूनही साध्या माणसांनी ती भरली. याला उदासीनता कसे म्हणावे?

आता याच वर्षी अमेरिकेत काय घडले ते पाहावे. नोव्हेंबर १९९६ मधील राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत मतदानाच्या वयाच्या नागरिकांपैकी निम्म्याहून कमी, सुमारे ४९ टक्के लोकांनीच मत दिले. १९२४ नंतरचे हे नीचांकी प्रमाण होते. तेथील मतदार घरी बसला, कारण कोणीही आले तरी आपल्या जीवनात फरक पडत नाही असे त्याला वाटू लागले होते. येथील मतदार अर्ज भरावयास रांगेत उभा राहिला, कारण कोणीही आले तरी आपले म्हणणे ऐकले जात नाही असे त्याला वाटत होते. एकाने मौन धरले आणि दुसऱ्याने गलका केला, पण दोघांची तक्रार एकाच कुळातली आहे. ज्याला आपण मतदाराची उदासीनता म्हणतो, ती पुष्कळदा न ऐकणाऱ्या राज्ययंत्रणेची मतदाराच्या अंगी उतरलेली छाया असते.

त्या गलक्याला राज्ययंत्रणेने दिलेले उत्तरही मासलेवाईक होते. सीमाप्रश्नाला उत्तर मिळाले नाही. उमेदवारीची किंमत मात्र वाढली. १९९६ मध्येच लोकप्रतिनिधित्व कायद्यात दुरुस्ती होऊन लोकसभेची अनामत रक्कम ५०० वरून १०,००० रुपये आणि विधानसभेची २५० वरून ५,००० रुपये करण्यात आली. अपक्षास दहा सूचकांची अट घालण्यात आली. १९९६ साली देशभर १३,९५२ उमेदवार होते, ते १९९८ साली ४,७५० वर आले. कारभाराच्या दृष्टीने ही दुरुस्ती अवाजवी म्हणता येणार नाही. पण ज्यांच्याजवळ बोलण्याचे दुसरे साधन नव्हते त्यांचे एक साधन तिने महाग केले, हेही तितकेच खरे.

१९९९ च्या विधानसभा निवडणुकीत समितीचा एकही उमेदवार निवडून आला नाही. २००४ साली महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला, आणि मतदाराच्या मानसिकतेत एक मूलगामी बदल झाला. वाद न्यायासनापुढे गेल्यावर साक्ष वकिलांनी व दस्तऐवजांनी द्यावयाची असते. मतपेटीतल्या साक्षीचे प्रयोजन काय, असे सामान्य माणसाला वाटू लागले. २००८ च्या मतदारसंघ पुनर्रचनेने उचगाव व बागेवाडी हे जुने मतदारसंघ गेले आणि हिशेबच बदलले. त्यातच एका जागेवर समितीच्या नावाने दोन-दोन उमेदवार उभे राहण्याची रीत पडली. तरीही २०१३ साली बेळगाव दक्षिण आणि खानापूर या दोन जागा समितीकडे आल्या. २०१८ व २०२३ साली एकही नाही. मात्र २०२१ च्या लोकसभा पोटनिवडणुकीत समितीच्या तरुण उमेदवाराने एक लाखाहून अधिक मते घेतली आणि विजयी व पराभूत राष्ट्रीय पक्षांतील अंतर सुमारे पाच हजारांचेच राहिले. त्याच वर्षीच्या महापालिका निवडणुकीत, जी प्रथमच पक्षचिन्हांवर लढली गेली, समितीला अत्यल्प जागा मिळाल्या. काही महिन्यांच्या अंतराने हेच मतदार दोन तऱ्हांनी वागले. ते झोपलेले नव्हते. कोठे साक्ष द्यावी आणि कोठे काम करून घ्यावे, याचा त्यांनी आपल्यापुरता निवाडा केला होता.

भाषेची निष्ठा ओसरली तेव्हा तिच्या जागी काय आले, हा प्रश्न अधिक गंभीर आहे. जागा रिकामी राहत नाही. २०१८ च्या प्रचारात बेळगाव ग्रामीण मतदारसंघात, ही निवडणूक रस्त्याची अथवा पाण्याची नसून हिंदू विरुद्ध मुसलमान अशी आहे, असे उघड विधान एका सभेत झाले व ते देशभर गाजले. डिसेंबर २०२१ मध्ये बंगळुरात छत्रपती शिवाजी महाराजांच्या पुतळ्याची आणि पाठोपाठ बेळगावात संगोळ्ळी रायण्णांच्या पुतळ्याची विटंबना झाली. दोघेही परकीय सत्तेशी झुंजलेले वीर. त्यांच्या नावाने त्यांचेच वारस एकमेकांवर उठले. आणि श्रद्धेचे म्हणाल तर या भूमीची खरी श्रद्धा अशी कधीच नव्हती. सौंदत्तीच्या यल्लम्माच्या डोंगरावर कोल्हापूरकडच्या गाड्या आणि धारवाडकडच्या गाड्या एकाच वाटेने चढतात. ज्ञानदेवांनी विठ्ठलास कानडा म्हटले, त्यात त्यांना काही वावगे वाटले नाही. निवडणुकीत जी वापरली जाते ती श्रद्धा नव्हे, श्रद्धेचे नाव घेतलेला पूर्वग्रह होय.

मग भाषेच्या नावाने मागितलेले मतही पूर्वग्रहच नव्हे काय, असा आक्षेप येईल, आणि त्याला प्रामाणिक उत्तर दिले पाहिजे. लोकप्रतिनिधित्व कायद्याचे कलम १२३ (३) धर्म, वंश, जात, समाज वा भाषा यांच्या आधारे मत मागण्यास भ्रष्ट आचार ठरविते. २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायाधीशांच्या पीठाने चार विरुद्ध तीन अशा बहुमताने या कलमाचा अर्थ अधिक व्यापक केला. पण त्याच न्यायालयाने जगदेव सिंह सिधांती यांच्या खटल्यात १९६४ सालीच एक विवेक केला होता: भाषेच्या जतनासाठी झटण्याचे वचन देणे हा भ्रष्ट आचार नव्हे, कारण भाषा जपण्याचा हक्क संविधानानेच दिला आहे. 'माझी भाषा जगावी म्हणून मत द्या' आणि 'तो दुसऱ्या भाषेचा आहे म्हणून त्याला मत देऊ नका' या दोन वाक्यांतील अंतर म्हणजेच निष्ठा आणि पूर्वग्रह यांतील अंतर. सीमालढा पहिल्या वाक्यावर उभा होता तोवर त्याचे नैतिक बळ अजोड होते. घराघरांतून 'कानडी' हा शब्द हिणवण्याच्या सुरात जेव्हा जेव्हा उच्चारला गेला, तेव्हा तेव्हा आपण दुसऱ्या वाक्याकडे घसरलो.

डॉ. आंबेडकरांनी १९५५ साली भाषावार प्रांतरचनेवर जे पुस्तक लिहिले त्यात या धोक्याची सूचना होती. भाषिक राज्यात एखाद-दुसरी मोठी जात वरचढ ठरते आणि लहान समाज तिच्या दयेवर राहतात, हे त्यांनी दाखवून दिले. कन्नड राज्यात मराठी अल्पसंख्य म्हणून आपण ज्या न्यायाची मागणी करतो, तोच न्याय मराठी समाजातील लहान जातींना, मराठी बोलणाऱ्या मुसलमानांना, वखारीतल्या बायांना आपण दिला काय? मोर्चाच्या अग्रभागी स्त्रिया होत्या. विधानसभेच्या उमेदवारीत त्या क्वचितच दिसल्या. ज्यांना व्रतात सामील करून घेतले नाही त्यांनी व्रत सोडले, असे म्हणता येत नाही.

अमेरिकेच्या इतिहासातून येथे एक उपयुक्त धडा मिळतो. कृष्णवर्णीयांना साक्षरतेच्या परीक्षा लावून मतापासून दूर ठेवणाऱ्या तेथील राज्यांना १९६५ च्या मताधिकार कायद्याने चाप लावला. पण त्याहून आपल्याला जवळची गोष्ट १९७५ ची आहे. त्या वर्षीच्या दुरुस्तीने, जेथे इंग्रजी न जाणणाऱ्या ठरावीक भाषिक अल्पसंख्यांची संख्या पुरेशी आहे तेथे मतपत्रिका व सूचना त्यांच्या भाषेत देणे बंधनकारक झाले. तेथे राज्याची सीमा हलली नाही. नागरिकाची भाषा राज्याने मानली. आपल्याकडेही संविधानाच्या ३५० (अ) कलमाने मातृभाषेतून प्राथमिक शिक्षणाची आणि ३५० (ब) ने भाषिक अल्पसंख्य आयुक्ताची तरतूद केली आहे. ज्या जिल्ह्यात वा तालुक्यात अल्पसंख्य भाषक १५ टक्के वा अधिक आहेत तेथे नियम व सूचना त्या भाषेत प्रसिद्ध कराव्यात, असा मान्य संकेत आहे. परिपत्रक मराठीत का नाही, शाळेला शिक्षक का नाही, उतारा समजणाऱ्या भाषेत का मिळत नाही, हे प्रश्न उमेदवाराला, मग तो कोणत्याही पक्षाचा असो, मत देण्यापूर्वी विचारता येतात. न्यायालयाच्या निकालाची वाट पाहत असतानाही ते विचारता येतात, आणि विचारल्याने मूळ मागणीला बाध येत नाही.

आपली जुनी घराणी आज पांगली आहेत. मुले पुण्यास, बंगळूरला, परदेशी आहेत. मतदार यादीत नावे गल्लीतल्या घरावर आहेत आणि मतदानाच्या दिवशी दाराला कुलूप आहे. ज्यांच्या आजोबांनी १९५८ च्या सत्याग्रहकाळात तुरुंग पाहिला, त्यांनी 'आपला माणूस निवडून येत नाही, मग जावे कशाला' असे म्हणावे, हे त्या आजोबांना उमगले नसते. निवडून येणार नाही हे माहीत असूनच तर त्यांनी कित्येकदा मत दिले होते. चाळीस वर्षे दिलेली साक्ष कोणी ऐकली नाही हे खरे. पण ती दिली गेली म्हणूनच येथे मराठी माणूस होता व आहे, हे आजही नाकारता येत नाही. यापुढे त्या साक्षीला निर्णयाची जोड द्यावी लागेल. आपण कोण आहोत हे सांगून थांबता येणार नाही. शेजारच्या कन्नड भाषकासह, वखारीतल्या बाईसह, वाड्यापलीकडच्या वस्तीसह आपल्याला काय हवे, तेही मतपेटीत टाकावे लागेल. त्यासाठी आधी दाराचे कुलूप काढून मतदान केंद्रापर्यंत चालत जाणे आले.